बाप्तिस्म्यानंतरची गोष्ट

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांना दोनपैकी एका वाटेने भेटतात. पहिली वाट विनोदाची: भोळा, लहरी कवी नवरा आणि त्याला सांभाळता सांभाळता दमलेली हजरजबाबी बायको. दुसरी वाट स्त्रीच्या आत्मकथनाची: एकोणिसाव्या शतकातली, जेमतेम लिहायला शिकलेली बाई स्वतःचा आवाज शोधते. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पण दोन्हींवरून चालताना पुस्तकाच्या मध्यभागी असलेली एक गोष्ट आपण सहज ओलांडून जातो. हे एका ख्रिस्ती बाईने लिहिलेले श्रद्धेचे पुस्तक आहे. देवाला स्वतःला वाहून घेणे म्हणजे नक्की काय, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा त्यातला सर्वांत अवघड प्रश्न आहे.

धर्मांतर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक क्षण येतो. पाणी, प्रार्थना, नवे नाव, घरच्यांचा आकांत. सिनेमा असता तर इथे मध्यंतर झाले असते. मराठी ख्रिस्ती लेखनातली खरी गोष्ट मात्र बहुतेक वेळा त्या क्षणानंतर सुरू होते. लूकच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना वधस्तंभ उचलायला सांगतो, तेव्हा तो ‘दररोज’ उचलायला सांगतो. मत्तय आणि मार्क यांनी हेच वचन नोंदवले आहे, पण त्यात ‘दररोज’ नाही. त्या एका शब्दाने मोठा फरक पडतो. एकदाच मरणे शौर्याचे असते. रोज थोडे थोडे मरणे कंटाळवाणे असते, त्यावर कोणी पोवाडा रचत नाही. लक्ष्मीबाईंनी नेमके त्यावर पुस्तक लिहिले.

उडी मारणारा माणूस

आधी नारायण वामन टिळकांकडे पाहू. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातला. संस्कृतचा व्यासंग, कवित्व, वक्तृत्व, आणि घरात न टिकणारा पाय. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेत एक युरोपीय गृहस्थ त्यांना भेटला आणि त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवली. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले ते सोडले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचे समर्पण उडीसारखे आहे. मनाला पटले की मागे वळून पाहायचे नाही. ‘बायकोला काय वाटेल’ हा प्रश्न त्यांना पडत नव्हता असे नाही. त्या प्रश्नासाठी ते थांबले नाहीत, एवढेच. आणि उडी एकच नव्हती. बाप्तिस्म्यानंतर अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम, शिकवणे, पाळकपण, ‘ज्ञानोदय’चे संपादन, असे स्थिर आयुष्य जमत आले होते. १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा राजीनामा दिला. पगार सोडून सातारा गाठले आणि ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून जगायचे ठरवले. ‘देवाचा दरबार’ ही त्यांची कल्पना याच काळातली. ख्रिस्ताच्या शिष्यांचा असा मेळावा, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा असेल. दोन वर्षेही पूर्ण झाली नाहीत, तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले.

पहिल्या उडीत त्यांनी जात सोडली, दुसऱ्या उडीत ज्या संस्थेने त्यांना सांभाळले ती सोडली. माझ्या मते दुसरी उडी अधिक अवघड होती. जात सोडणाऱ्याला निदान समोर शत्रू दिसतो. मिशन सोडताना समोर मित्र होते, उपकार होते, मुलाबाळांचा खर्च होता. श्रद्धा जुनी झाली की तिच्याभोवती सोय जमते, आणि सोयीलाच आपण श्रद्धा म्हणू लागतो. टिळकांना हे कळले होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. पुलापलीकडे पोहोचून त्यांना बंगला मिळाला. त्या बंगल्यातही त्यांना विठोबाच्या वाटेवरची धूळ आठवत राहिली असावी.

त्यांच्या अभंगांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. ‘अभंगांजली’तला ख्रिस्त गुरू आहे आणि माउलीही आहे. शरण, दास, चरण हे वारकरी शब्द जसेच्या तसे येतात. वरवर पाहता भाषा तीच, फक्त देव बदलला. पण वारकरी परंपरेत शरण जाणाऱ्याला घर सोडावे लागतेच असे नाही. तो आषाढीला जाऊन आपल्या शेतात परत येतो. टिळकांना परतायला शेत उरले नव्हते. म्हणून त्यांच्या अभंगांतल्या ‘माउली’ला वेगळे वजन आहे. ज्याची माणसे तुटली आहेत, असा माणूस ती हाक मारतो आहे.

पाण्याच्या तांब्याशी

आता या उडीच्या पलीकडच्या टोकाला कोण उभे होते ते पाहू. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची, मीठसुद्धा. आज वाचताना हसू येते, लक्ष्मीबाईंनाही ते हवेच आहे. पण त्या हसण्याखाली एक भेदरलेला माणूस दिसतो, ज्याने जगाच्या क्रौर्यावर पाण्याने मात करायचे ठरवले होते. लक्ष्मीबाईंचे बालपण त्या पाण्यात भिजलेले आहे.

अशा घरातून आलेल्या बाईचा नवरा ख्रिस्ती होतो. काही वर्षे दोघे वेगळी राहतात. लहान मुलगा दत्तू तिच्याजवळ. पुढे ती नगरला येते, नवऱ्याच्या जवळ राहते, पण चूल वेगळी आणि सोवळे कायम. इथे हे पुस्तक विलक्षण होते. कारण लक्ष्मीबाईंना साक्षात्कार होत नाही. त्यांना विचार सुचतो. जात देवाने केली की माणसाने, असा साधा प्रश्न त्या स्वतःला विचारतात, आणि उत्तर मिळाल्यावर ठरवतात की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. ख्रिस्ताविषयीचा कौल अजून लागलेला नाही. त्यांचा बाप्तिस्मा पुढे, १९०० मध्ये.

म्हणजे त्यांच्याबाबत आधी तांब्या बदलला, मग देव. धर्मशास्त्राच्या पुस्तकात हा क्रम उलटा असतो: आधी विश्वास, मग आचरण. पण ज्या समाजात धर्म स्वयंपाकघरात राहतो, तिथे शरणागतीही स्वयंपाकघरातूनच सुरू होणार. बापाने मीठ धुतले आणि लेकीने कोणाच्याही हातचे पाणी घेतले, या दोन टोकांमधले अंतर मी मराठीतल्या सगळ्यांत लांब प्रवासांपैकी एक मानतो.

किंमत कोणाच्या खिशातून?

इथे एक अडचणीचा प्रश्न विचारायलाच हवा. टिळकांनी सर्वस्व दिले, असे आपण म्हणतो. त्या ‘सर्वस्वा’त लक्ष्मीबाईंची वर्षेही होती. ती त्यांना कोणी विचारून दिली होती का? संन्यास घेणाऱ्या, घर उधळून टाकणाऱ्या, मिळेल ते वाटून टाकणाऱ्या प्रत्येक संतपुरुषाच्या मागे उद्याच्या पिठाची चिंता करणारी एक बाई असते. देवाला वाहिलेल्या गोष्टींपैकी किती आपल्या होत्या आणि किती दुसऱ्याच्या, हा हिशेब संतचरित्रे सहसा मांडत नाहीत.

‘स्मृतिचित्रे’ तो मांडतात. आरोप न करता, आणि म्हणूनच जास्त टोचेल असा. घरात पैसा टिकत नाही, पाहुणा सुटत नाही, नवरा सांगून गेलेल्या वेळी परत येत नाही. प्रत्येक प्रसंग विनोदात संपतो. मला वाटते, हा विनोद त्यांच्या श्रद्धेची पद्धत आहे. नवऱ्याची मूर्ती होऊ न देणे आणि त्याच्यावरचे प्रेमही कमी होऊ न देणे, ही दोन्ही कामे एका हसण्यात होतात. ‘टिळक’ असा आडनावाने उल्लेख करत त्या त्यांना पुरेसे दूर उभे करतात, म्हणजे नीट दिसावेत.

तरी एक तक्रार उरते. काही ठिकाणी हे हसणे फार लवकर येते. ताटातुटीच्या वर्षांमधला राग पानावर पुरता उमटण्याआधीच किस्सा पुढे सरकतो. लिहिताना त्या विधवा होत्या, सगळी भांडणे संपली होती, आणि मिटलेल्या भांडणाकडे मागे वळून पाहणारा माणूस उदार होतो. वाचकाने मात्र तेवढे उदार व्हायची गरज नाही. त्या जागा सावकाश वाचाव्यात.

तिसरी वाट

या दोघांच्या शेजारी पंडिता रमाबाईंना ठेवले की चित्र पूर्ण होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींशी त्यांनी पत्रांतून वाद घातले: चर्चचा अधिकार कुठवर मानायचा, त्रैक्याचा सिद्धान्त का मानायचा. शरण आलेल्या बाईने गप्प बसावे ही अपेक्षा त्यांनी मोडली. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला होता, ख्रिस्त पुष्कळ नंतर. ज्या बाईने मायदेशी टीका झेलून धर्म बदलला, तिनेच हे कबूल करणे सोपे नव्हते. पुढचे आयुष्य केडगावच्या मुक्तिसदनात गेले, आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यूच्या तोंडाशी पुरे केले.

वाद घालणे आणि शरण जाणे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, अशी आपली समजूत असते. रमाबाईंकडे पाहिले की ती टिकत नाही. ज्याच्याकडे स्वतःचे काही आहे, तोच काही देऊ शकतो. ज्या मनाने कधी ‘नाही’ म्हटले नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत?

अर्धे राहिलेले काव्य

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, ‘ख्रिस्तायन’. सुरुवातीचे काही अध्याय लिहून ते गेले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या १९३६ मध्ये वारल्या, आणि काव्याचा शेवट मुलाने, देवदत्तांनी केला.

‘ख्रिस्तायन’ आज फारसे कोणी वाचत नाही, आणि काव्य म्हणून ते सगळीकडे सारखे जमलेले नाही. कथा पुढे नेण्याच्या घाईत ओवी पुष्कळदा सपाट होते. पण हे चौसष्ट अध्याय ‘स्मृतिचित्रां’च्या शेजारी ठेवून पाहा. ज्या देवाने नवरा नेला असे एकेकाळी वाटले, त्याच देवाची गोष्ट ती बाई नवऱ्याच्या अर्ध्या कागदापासून पुढे लिहीत बसते. आज्ञा म्हणून नाही. आज्ञा करणारा कधीच गेला होता. पहिली उडी तिच्या मनाविरुद्ध, तिच्या नावावर कर्ज म्हणून पडली होती. हे काम तिने आपणहून घेतले.

आपल्या टाइमलाइनवर ‘सरेंडर’ हा शब्द हल्ली सूर्यास्ताच्या फोटोखाली दिसतो, हलका आणि सुंदर. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात त्या शब्दाला तांब्याचे, चुलीचे, रिकाम्या डब्याचे वजन आहे. तुम्ही श्रद्धाळू असा वा नसा, ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडा, आणि या वेळी बाप्तिस्म्याच्या प्रसंगाशी थांबू नका. कोणी काय सोडले हे पाहून झाले की, दुसऱ्या दिवशी सकाळी चूल कोणी पेटवली, तेही पाहा.