कोऱ्या जागेचा पुरावा

परफॉर्मन्स आणि प्रदर्शनांची जी जाडजूड, गुळगुळीत कागदावरची पुस्तकं निघतात, त्यांच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. परफॉर्मन्स घडतो आणि संपतो. मग त्याचं पुस्तक म्हणजे पंगत उठल्यावरच्या पत्रावळी. पेगी फेलन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९३ च्या ‘अनमार्क्ड’ या ग्रंथात हीच भूमिका फार जोरकसपणे मांडली. परफॉर्मन्स वर्तमानातच असतो, त्याची नोंद ही वेगळीच वस्तू असते, असं त्यांचं म्हणणं.

आम्हाला यातलं अर्धं पटतं. पुस्तक प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही, हे उघड आहे. पण पुस्तकाने साक्ष तर द्यायला हवी ना? साक्षीदार खरा की खोटा, हे ओळखायचं कसं, हा आजचा प्रश्न.

आधी एक प्रसिद्ध छायाचित्र घेऊ. फ्रेंच कलावंत ईव्ह क्लाइन एका भिंतीवरून रस्त्यावर झेपावतोय, हात पसरलेले, खाली नुसता रस्ता. १९६० च्या नोव्हेंबरमध्ये त्याने स्वतः काढलेल्या एका दिवसाच्या वर्तमानपत्रात ते छापलं. आज आपल्याला ठाऊक आहे की खाली ताडपत्री धरून माणसं उभी होती. दोन फोटो जोडून ती माणसं काढून टाकली. चित्र सुंदरच आहे. पण बघा, त्यातून काहीतरी काढलंय, हे चित्राकडे पाहून कळत नाही.

आता दुसरं टोक. तेहचिंग श्ये हे तैवानचे कलावंत. १९७४ मध्ये जहाजावरचे खलाशी म्हणून फिलाडेल्फियाला पोचले, तिथून निसटले आणि न्यूयॉर्कला राहिले. ११ एप्रिल १९८० ते ११ एप्रिल १९८१, असं वर्षभर त्यांनी दर तासाला, रात्रंदिवस, कारखान्यात असतं तसल्या घड्याळावर कार्ड पंच केलं. प्रत्येक पंचला सिनेकॅमेऱ्याची एक फ्रेम. सुरुवातीला डोक्याचा गोटा केला होता. त्या साधारण सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये केस खांद्यापर्यंत वाढत जातात. कार्डांवर साक्षीदाराची सही. एकूण ८,७६० वेळा पंच व्हायला हवं होतं. १३३ वेळा चुकलं. त्याचाही हिशोब त्यांनी मांडला: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला, १० वेळा घाईने आधीच पंच केलं.

२००९ मध्ये एड्रियन हीथफिल्ड यांनी श्ये यांच्यासह ‘आउट ऑफ नाऊ’ हे पुस्तक केलं. त्यात ही कार्डं आहेत, फिल्मच्या फ्रेम आहेत. चाळायला घ्या, पहिल्यांदा कंटाळा येतो. त्याच मापाची चित्रं, तोच माणूस, तेच घड्याळ. मग कुठेतरी एक तास गायब दिसतो आणि बोट थांबतं.

ते का थांबतं? इथे आमच्या विषयातलं एक जुनं साधन उपयोगी पडतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा नाही, हे कशावरून कळतं? तो न दिसण्यावरून. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, तो वाद आज बाजूला ठेवू. महत्त्वाची आहे ती अट. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून तो नाहीच, असं म्हणता येत नाही.

श्ये यांची कार्डं म्हणजे उजेडातली जमीन. काय असायला हवं होतं ते आधी ठरलेलं आहे, म्हणून काय नाही ते दिसतं. क्लाइनचं चित्र ही अंधारी खोली. आणि आपल्याकडे येणारे बहुतेक कॅटलॉग? सहा तासांच्या प्रयोगातले बारा नेत्रदीपक फोटो, पानभर छापलेले. त्यात काही उणं सापडूच शकत नाही, कारण काय असायला हवं हे कुणी सांगितलेलंच नाही. जिथे काही उणं पडू शकत नाही, तिथे काही सिद्धही होत नाही. त्याला आम्ही साक्ष म्हणणार नाही, जाहिरात म्हणू.

कुणी म्हणेल, चुका कबूल केल्या म्हणून माणूस प्रामाणिक वाटतो, एवढंच ना? नाही. कबुलीचंही नाटक करता येतं. मुद्दा असा, की चूक लपणार नाही अशी रचना त्यांनी आधीच करून ठेवली. १९८३-८४ मध्ये लिंडा मॉन्टॅनो यांच्याबरोबर ते वर्षभर आठ फुटी दोराने बांधलेले होते, एकमेकांना स्पर्श न करता. त्या काळातली संभाषणं ध्वनिमुद्रित केली, आणि फिती कायमच्या मोहोरबंद. तिथेही पोकळी आहे, पण ती जाहीर आहे.

या पुस्तकाला मर्यादा आहेतच. मरीना अब्रामोविच यांच्यासारख्या कलावंतांची पत्रं त्यात आहेत. ती नसती तरी आमच्या मते पुस्तक उणं झालं नसतं. शिवाय दिवसभराचं जागरण आपण एका नजरेत उलटतो. वर्षभर ज्याला क्वचितच सलग तासभर निवांत झोपता आलं, त्याचा थकवा पानावर येत नाही. फेलनबाईंचं म्हणणं इथे खरं ठरतं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. हे सगळं करताना श्ये अमेरिकेत बेकायदा राहत होते. १९८८ मध्ये माफी मिळेपर्यंत त्यांच्याकडे राहण्याचा कागद नव्हता. ज्याचं तिथे असणं सरकारदरबारी नोंदलेलंच नव्हतं, त्याने आपल्या असण्याची तासागणिक नोंद ठेवली. म्हणून त्या नोंदीत खोट चालणारच नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी प्रदर्शनाच्या दुकानात असं एखादं महागडं पुस्तक हातात आलं, तर फोटो किती छान आलेत हे जरा नंतर बघा. या पुस्तकात काही गाळलं असेल, तर ते आपल्याला कळेल का, एवढं आधी तपासा.