‘बाळगणे’ आणि ‘वागवणे’ : शस्त्रपरवान्याच्या वादाची भाषा

नागरिकाने सार्वजनिक ठिकाणी बंदूक वा पिस्तूल अंगावर झाकून वावरावे काय, आणि कायद्याने त्यास मोकळीक द्यावी काय, हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ गाजतो आहे; अलीकडे आपल्याकडील व्याख्यानांतून व वृत्तपत्रीय लेखांतूनही तो डोकावू लागला आहे. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाविज्ञान हे आहे. दंडनीती हे नव्हे. तथापि हा वाद मराठीत ज्या शब्दांनी चालतो, त्या शब्दांमुळेच तो पुष्कळदा भलत्या वाटेस लागतो असे आढळून आल्यावरून त्या शब्दांची परीक्षा करण्याचे येथे योजिले आहे.

वादाचे निमित्त दूरचे नाही. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर तो बिबट्या वनखात्याने गोळी घालून मारला. त्यानंतर त्याच तालुक्यातील निमोणे येथे जाण्याचा योग आला असता प्रत्येक पारावर एकच विषय होता. रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी द्यावयास जाणाऱ्या माणसाने हातात काय घ्यावे? बॅटरी आणि काठी, एवढेच उत्तर आजवर होते. ‘आता बंदुकीचे परवाने सरसकट द्या’ ही मागणी तेथे अगदी सहजपणे बोलली जात होती. एका तरुणाने तिला मोबाइलवर पाहिलेल्या अमेरिकन चित्रफितींचा आधार दिला. तेथे प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असते, मग येथे का नको, असा त्याचा प्रश्न. त्यावर बाजूस बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांना सर्वजण मामा म्हणतात, किंचित चिडून म्हणाले, “अरे, मी बंदूक ठेवायची म्हणतोय, वागवायची नाही म्हणत.”

या एका वाक्यात जो भेद मामांनी केला, तो आपल्या प्रौढ गद्यात हरवला आहे. शस्त्रांविषयी लिहिताना आपण एकच क्रियापद वापरतो, ते म्हणजे ‘बाळगणे’. घराच्या माळ्यावर गुंडाळून ठेवलेली ठासणीची बंदूकही बाळगलेली, आणि सदऱ्याखाली खोचून बाजारात नेलेले पिस्तूलही बाळगलेलेच. शस्त्र अधिनियम, १९५९ याचे तिसरे कलम मात्र शस्त्र संपादन करणे, कब्जात असणे आणि घेऊन फिरणे या तीन क्रिया पृथक् सांगते. कायद्याचा सारा व्यवहार या पृथक्करणावर उभा आहे. आणि आपली चर्चा मात्र तिन्हींस एका क्रियापदात गुंडाळून बसते. याच क्रियापदाने आपण भीती बाळगतो, वैर बाळगतो आणि आशाही बाळगतो. म्हणजे ते मुळात मनातल्या मनात जपण्याचे क्रियापद आहे, रस्त्यावर चालण्याचे नव्हे. ‘वागवणे’ हा शब्द मात्र अंगावर घेऊन हिंडण्याचा अर्थ स्पष्टपणे देतो. ग्रामीण बोलीत तो जिवंत आहे. प्रौढ मराठीने त्याची उपेक्षा का केली, हे कळत नाही.

आता ‘गुप्त’ या विशेषणाकडे वळू. अमेरिकेतील संज्ञेचे भाषांतर म्हणून ‘गुप्त शस्त्रधारण’ असा जोडशब्द काही लेखांत दिसतो. तो दुहेरी फसवा आहे. पहिली गोष्ट अशी की, आपल्या भाषेत लपवलेल्या शस्त्रास स्वतःचे नाव पूर्वीपासून आहे. काठीच्या पोटात पाते दडवलेली ती ‘गुप्ती’. गुप्ती जवळ असणे म्हणजे कपट मनात असणे, असाच मराठी कानावर संस्कार आहे. त्यामुळे ‘गुप्त शस्त्रधारण कायदेशीर करावे’ हे वाक्य ऐकताच श्रोता प्रतिपक्षाच्या बाजूस झुकतो. युक्तिवाद ऐकण्याआधीच निकाल लागतो. अशा विजयात प्रतिपक्षाने समाधान मानू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. शस्त्र नियम, २०१६ यांतील बत्तिसावा नियम सांगतो की, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यावयाचे तर ते अंगाला बांधलेल्या म्यानात वा तत्सम पिशवीतच न्यावे, ते पूर्णपणे झाकलेले असावे, आणि त्यावर नेणाऱ्याचा परिणामकारक ताबा असावा. ते उगारणे वा सार्वजनिक जागी झाडणे निषिद्ध आहे. म्हणजे परवानाधारकाला आपल्याकडे शस्त्र उघडे नेण्याचीच बंदी आहे! झाकण्याची केवळ मुभा नाही, सक्ती आहे. तेव्हा ‘झाकून नेण्यास मान्यता द्या’ असा जो पुकारा होतो, तो जे आधीच सक्तीचे आहे त्याचीच मागणी करतो. येथील खरा प्रश्न झाकण्याचा नसून परवाना कोणाला, कोणत्या कारणासाठी आणि किती मुदतीचा, हा आहे. तो प्रश्न ‘गुप्त’ या शब्दाआड दडून राहतो.

अमेरिकेत ही संज्ञा अर्थपूर्ण आहे, कारण तेथील इतिहास वेगळा आहे. केंटकी व लुइझिआना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. उघड शस्त्र पुरुषाला शोभणारे आणि लपवलेले मारेकऱ्याचे, अशी त्यामागील धारणा होती. पुढे चक्र उलटे फिरले आणि झाकलेल्या शस्त्रासाठी परवाने देण्याची पद्धत राज्याराज्यांत पसरली. जून २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा, विशेष कारण दाखवा असे सांगणारा नियम घटनाबाह्य ठरविला. आज निम्म्याहून अधिक राज्यांत झाकलेले पिस्तूल नेण्यास परवानाही लागत नाही. ‘लपवलेले’ आणि ‘उघडे’ हे तेथे शतकाहून अधिक काळ परस्परविरुद्ध पक्ष राहिले आहेत. आपल्याकडे असा विरोध कायद्यात कधी रुजलाच नाही.

आपल्याकडे रुजला तो वेगळा भेद, आणि तो इंचांत मोजलेला आहे. १९५९ च्या अधिनियमातील तेराव्या कलमान्वये, संरक्षण वा शिकार यांसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, अथवा पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाविषयी कायद्याचा कल अनुकूल आहे. इतर शस्त्रांसाठी मात्र सबळ कारण असल्याची अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. वीस इंचच का, याची चर्चा कायदेपंडितांनी करावी. परंतु वीस इंच नळीची बंदूक सदऱ्याखाली राहत नाही, हे सांगावयास कायदेपंडित नको. शेताच्या बांधावरची बंदूक आणि गर्दीतले पिस्तूल यांत विधिमंडळाने जी रेषा ओढली ती प्रत्यक्षात शस्त्र दिसण्या-न दिसण्याचीच रेषा आहे. निमोण्याचे मामा हीच रेषा आपल्या क्रियापदाने ओढत होते.

येथे एक विषयांतर करतो. १९५९ च्या अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत, आणि उदाहरणादाखल लाठी व साधी हातातली काठी यांचा उल्लेख केला आहे. याउलट १९५१ च्या पोलीस अधिनियमातील सदतिसाव्या कलमाखाली जे मनाई हुकूम सणासुदीस निघतात, त्यांच्या यादीत तलवारी, भाले, बंदुका आणि सुरे यांच्यासह काठ्या व लाठ्याही असतात. एका कायद्याच्या दृष्टीने जी शस्त्र नव्हे, ती दुसऱ्याच्या दृष्टीने मनाई करण्याजोगी. कोयत्याची स्थिती याहून नाजूक आहे. ऊसतोडीच्या फडावर तो अवजार असतो. पुणे शहराच्या गल्लीत तो दहशतीचे साधन होऊन ‘कोयता गँग’ या शब्दात वृत्तपत्रांच्या मथळ्यांवर चढला. मराठीतील ‘हत्यार’ हा शब्द या संदिग्धतेचा जुना साक्षीदार आहे. सुताराची हत्यारे आणि दरोडेखोराची हत्यारे एकाच शब्दाने सांगितली जातात, आणि ते योग्यच आहे. कारण या शब्दाचा संबंध ‘हत्या’ या शब्दाशी जोडणे ही लोकव्युत्पत्ती असून त्याचे मूळ ‘हस्त’ या शब्दाशी जाते. शस्त्र कापते, अस्त्र फेकले जाते. त्या न्यायाने पिस्तुलास ‘अग्निशस्त्र’ म्हणणारी आपली शासकीय परिभाषा व्युत्पत्तीच्या कसोटीस उतरत नाही. असो.

इतिहासाचा आधार या वादात दोन्ही बाजूंनी घेतला जातो, आणि दोन्ही बाजू तो सैलपणे घेतात. शस्त्रसमर्थक वाघनखांचे नाव घेतात. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली जे घडले ते दोन सेनांच्या नायकांच्या भेटीत घडले. त्यावरून आठवडे बाजारातील नागरिकाच्या खिशाविषयी नियम काढणे हा दृष्टान्ताचा गैरवापर आहे. याहून गंभीर आधार १८७८ च्या शस्त्रकायद्याचा आहे. लिटनच्या राजवटीतील त्या कायद्याने हिंदी माणसावर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना मोकळे ठेवले. त्याचा सल खोल होता. पुढल्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या टोळीने शिरूर तालुक्यातीलच धामारी येथे पहिला छापा घातला. त्या आधी चारेक वर्षे, याच तालुक्यातील करडे गावापासून सावकारांवर बहिष्कार सुरू झाला होता, आणि १८७५ च्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. शस्त्राची मागणी राष्ट्रीय सभेने १९३१ च्या कराची ठरावातही केली. परंतु तेथेही ‘त्यासंबंधीच्या नियमांस अनुसरून’ ही मर्यादा होती. ती मागणी अपमानाविरुद्ध होती, हे विसरता कामा नये.

घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र ठेवण्याचा व धारण करण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली; ती नामंजूर झाली. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख आहे तो शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याच्या हक्कात. तेव्हा ‘आपला हक्क परत द्या’ ही घोषणा भारतीय घटनेच्या भाषेत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये अवैध शस्त्रांच्या प्रकरणात अमेरिकेशी असलेला हा फरक दाखवून दिला. येथे परवाना हा हक्क नसून अनुज्ञा आहे. समर्थकांनी ‘हक्क’ हा शब्द टाकून ‘गरज’ हा शब्द स्वीकारला, तर त्यांची बाजू दुबळी न होता बळकट होईल, असे आमचे मत आहे.

कारण गरजेचा युक्तिवाद खरा आहे. निदान उसाच्या पट्ट्यात खरा आहे. त्यासही मर्यादा आहेत. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात आहे. स्वसंरक्षणार्थ सद्भावनेने मारल्यास गुन्हा नाही, पण शिकार करण्याचा परवाना बंदुकीच्या परवान्यात अंतर्भूत नाही. शिवाय निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात. मामांचे यावरील भाष्य असे की, बंदूक ठाण्यात आणि बिबट्या उसात, मग परवाना कोणाला दिला?

विनोद सोडला तरी प्रश्न उरतो, आणि तो पिस्तुलाचा नाही. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंचाच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची संख्या चर्चेत आली आणि प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत उल्हासनगर येथे पोलीस ठाण्याच्या आतच झालेल्या गोळीबाराबद्दल एका विद्यमान आमदारास अटक झाली. या घटनांत शस्त्र कशासाठी जवळ असते हे दिसते: वजन दाखविण्यासाठी. समाजमाध्यमांवरील कमरेच्या पिस्तुलाची छायाचित्रे पाहिली की, नियमाने झाकावयास सांगितलेली वस्तू दाखविण्यासाठीच घेतली जाते हे कळते. उसात पाणी धरणारा शेतकरी आणि गाडीतून उतरताना सदरा किंचित वर सारणारा पुढारी हे दोघेही ‘शस्त्र बाळगणारे परवानाधारक’ या एकाच शब्दसमूहात मोडतात, आणि पहिल्याची गरज पुढे करून दुसऱ्याची सोय मागितली जाते.

म्हणून परिभाषा घडविणाऱ्यांस आमची सूचना अशी: कब्जासाठी ‘ठेवणे’ आणि सार्वजनिक वावरासाठी ‘वागवणे’ ही दोन क्रियापदे स्वतंत्र ठेवावीत, नियमातील अटीसाठी ‘झाकलेले’ हा शब्द वापरावा, ‘गुप्त’ हा शब्द गुप्तीपुरता राहू द्यावा. परवान्याच्या अर्जातही हाच भेद पहिल्याच रकान्यात विचारला जावा. मामांनी त्या रकान्यात काय लिहिले असते हे आम्हांस ठाऊक आहे. त्या तरुणाने काय लिहिले असते, हे त्यालाच विचारले पाहिजे.