निषेधगीते, ब्रिटिश
ब्रिटनमध्ये १९६०–७० या दशकात लोकसंगीत व पॉप संगीत यांच्या आश्रयाने बहरलेला गीतप्रकार. १९५८ मध्ये सुरू झालेल्या ऑल्डरमॅस्टन अण्वस्त्रविरोधी मोर्च्यांतील समूहगायनाने त्यास चालना दिली. इव्हन मकॉल (१९१५–८९), पेगी सीगर व चार्ल्स पार्कर यांनी बीबीसीसाठी निर्मिलेल्या ‘रेडिओ बॅलड्स’मध्ये (१९५८–६४) रेल्वे कामगार, खाणकामगार व मच्छीमार यांची बोली ध्वनिमुद्रित करून तिच्यातूनच गीते घडविली. १९६५ मध्ये डॉनव्हनने गायिलेल्या ‘युनिव्हर्सल सोल्जर’मुळे युद्धविरोध पॉपच्या बाजारपेठेत पोहोचला, परंतु त्यातील सैनिक सर्व देशांचा, म्हणूनच कोणत्याही गावाचा नसलेला आहे. श्रोतृवर्ग विस्तारला, तरी निषेधाचा नेमका रोख बोथट झाला. मकॉलच्या गीतांत श्रमिक स्वतःच बोलतो; हेच त्यांचे श्रेष्ठत्व होय.