कास्त्रो, जुआंव द
(१५००–६ जून १५४८). पोर्तुगीज दर्यावर्दी, सचित्र सागरी मार्गवर्णनांचा लेखक व पोर्तुगीज भारताचा राज्यपाल (१५४५–४८). जन्म लिस्बन येथे. गणितज्ञ पेद्रू नूनिश याचा शिष्य. १५३८ मध्ये तो गोव्यास आला. त्याच्या तीन मार्गवर्णनांपैकी गोवा ते दीव (१५३८–३९) हे कोकणच्या दृष्टीने महत्त्वाचे. त्यातील चित्रे शोभेसाठी नसून खलाशांना बंदरे व खाड्या ओळखता याव्यात म्हणून आहेत. ऐकीव माहितीपेक्षा मोजमापावर भिस्त, हा त्याच्या लेखनाचा विशेष. सध्याच्या पालघर जिल्ह्यातील वसईजवळ खडकांमुळे होकायंत्राची सुई विचलित होते, हे त्याने टिपले. घारापुरीच्या लेण्यांच्या वर्णनातही हीच मोजणारी दृष्टी दिसते. तथापि ती आरमारी अधिकाऱ्याची दृष्टी होय. खाडीच्या खोलीला तिच्यात जे महत्त्व आहे, ते खाडीकाठच्या कोळ्यांच्या जीवनाला नाही. ज्या दीवचा मार्ग त्याने वर्णिला, तेथील वेढा १५४६ मध्ये त्यानेच मोडून काढला. म्हणून त्याच्या रेखाटनांतील अचूकपणा व सत्ताविस्ताराची गरज यांचा एकत्रित विचार करावा लागतो. हे मार्गवर्णन १८४३ मध्ये पोर्तू येथे छापले गेले. गोवा येथे त्याचे निधन झाले.