अबोला आणि आपले वाङ्मय

राग येतो, रडू येते, हसू येते. अबोला मात्र मराठीत 'धरावा' लागतो. हातात धरलेली वस्तू सोडता येते, हे त्या क्रियापदातच आले. तरीही आपल्या कथा-कादंबऱ्यांनी या धरलेल्या वस्तूचा मोठा गौरव केला आहे. न बोलणारी बायको ती सोशिक, न बोलणारा नवरा तो गंभीर प्रकृतीचा. मी स्वतः कादंबऱ्या लिहिते, म्हणून हे अधिकाराने सांगते की, दोन माणसांना गप्प बसविणे लेखकाला फार सोयीचे असते. ती बोलू लागली तर तिसऱ्या प्रकरणातच गैरसमज मिटायचा आणि पुढची दोनशे पाने लिहायची कशी, असा प्रश्न पडायचा!

गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. सिंधूच्या सोसण्यावर महाराष्ट्राच्या तीन-चार पिढ्या रडल्या. पण त्या नाटकातला रामलाल पाहा. माणूस भला, मित्रही जिवाभावाचा. पण तो सांगतो फार. सुधाकराचा मानभंग झाला आणि त्या दुखऱ्या जागेवर तळीरामाने प्याला ठेवला. ती जागा नेमकी कुठे दुखते, हे त्याला स्वस्थ बसून विचारणारे त्या घरात कोणी नाही. उपदेश आहे, अश्रू आहेत, ऐकणे नाही.

हे सारे आठवण्याचे कारण 'समुपदेशन' हा हल्लीचा शब्द. मला तो आवडत नाही. ज्या कामात उपदेश करावयाचा नसतो, त्याच्या नावातच 'उपदेश' येऊन बसला आहे. पण काम चांगले आहे. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला आणि १९८९ साली पुण्यामुंबईस अशी न्यायालये उभी राहिली. तिथे निवाड्याआधी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायाधीशाचे कर्तव्यच ठरविले आहे आणि त्यासाठी समुपदेशक नेमलेले असतात. त्यांच्यापुढे बोललेले, दोघांची संमती नसेल तर, बाहेर जात नाही. आमच्या कोकणात भांडण मिटवायला मामा येतो, नाही तर वाडीतला कोणी जाणता येतो. पण मामा हा कुणाचा तरी मामा असतो! समुपदेशक कुणाचाच कोणी नसतो, हेच त्याचे भांडवल.

आता मी तीन पुस्तकांकडे वळते. ती आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असतील. नसतील तर दिवाळीची सुट्टी आहेच. तिन्ही आत्मकथने बायकांची आहेत आणि तिन्ही संसारांचे धागे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याला येऊन मिळतात.

पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळक मूळचे करजगावचे. नवराबायको दोघेही तापट. भांडण घटकेत पेटे, घटकेत विझे. या घरात अबोला टिकणेच शक्य नव्हते. आणि तरीसुद्धा १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो बायकोला न सांगता. ज्या घरात दिवसभर आवाज चढलेले असत, त्या घरात सर्वांत मोठी गोष्ट बोललीच गेली नाही. मला या पुस्तकातले हेच सर्वांत विलक्षण वाटते. पुष्कळ बोलणे म्हणजे सांगणे नव्हे. पुढे काही वर्षांची ताटातूट झाली. मध्ये नातलग पुष्कळ आणि प्रत्येकाला आपले मत. जुळले ते पत्रांनी, आणि शेवटी लक्ष्मीबाई आपले सोवळे बरोबर घेऊन नगरला राहायला आल्या तेव्हा. टिळकांनी तिथे घाई केली नाही. बाईंचे मन बदलायला वेळ लागला, तो त्यांना मिळाला. १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. धर्माचा प्रश्न बाजूला ठेवून वाचले, तर दोन माणसांनी मतभेदासकट एकत्र राहण्याचे इतके तपशीलवार वर्णन मराठीत दुसरे नाही.

दुसरे पुस्तक आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण'. बाया मूळच्या देवरूखच्या गोदूबाई जोशी, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ साली मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. अण्णांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. अण्णांचे 'आत्मवृत्त' १९१५ सालचे. त्यात संस्था पानोपानी, घर कमी. बायांचे पुराण १९४४ सालचे. त्यात त्या थोर कार्याचा घरातला हिशेब आहे. पैसा संस्थेत जाई आणि चूल मात्र रोज पेटवावी लागे! बाया नवऱ्याला कुठेही कमी लेखीत नाहीत. त्या फक्त विचारतात, आणि त्यांचा प्रश्न वाचून आपण अण्णांच्या पुतळ्याकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. कित्येक टीकाकारांनी या पुस्तकाचा 'रोखठोकपणा' वाखाणून पुढचे पान उलटले. मला वाटते, रोखठोकपणा हा गुण नव्हता, ती उशीर झालेली वाचा होती.

तिसरे 'आहे मनोहर तरी'. सुनीताबाई ठाकूर रत्नागिरीच्या. पु. ल. देशपांड्यांशी त्यांचे लग्न १२ जून १९४६ रोजी इथेच, नोंदणी पद्धतीने झाले. १९९० साली पुस्तक आले तेव्हा अनेक वाचक रागावले. आपल्या लाडक्या भाईंबद्दल त्यांची बायको असे कसे लिहिते? ज्या माणसाने साऱ्या महाराष्ट्राशी गप्पा मारल्या, त्याच्या घरातले काही बोलणे राहून गेले असेल, ही कल्पनाच लोकांना सोसेना. पुस्तकात आत्मसमर्थन आहे, काही ठिकाणी कठोरपणाही आहे. तो मला खुपतो. पण त्या स्वतःलाही सोडीत नाहीत, हे रागावलेल्यांनी पाहिले नाही.

आता वर्षे मांडून पाहा. लक्ष्मीबाईंनी लिहिले ते टिळक १९१९ साली गेल्यावर पुष्कळ काळाने. बायांनी लिहिले लग्नाला पन्नास वर्षे उलटल्यावर. सुनीताबाईंनी चव्वेचाळीस वर्षांनी. एका माणसाला सांगावयाची गोष्ट तिघींनी सगळ्या महाराष्ट्राला सांगितली. वाचक हाच त्यांचा समुपदेशक झाला, आणि आपण वाचक काय केले? शैलीची तारीफ केली.

वाङ्मयाचा यात फायदा झाला, हे मी नाकारीत नाही. वेळेवर बोलणे झाले असते तर ही पुस्तके निराळी झाली असती, कदाचित झालीही नसती. लेखिका म्हणून मला ते नुकसान वाटते. शिक्षिका म्हणून वाटत नाही. ज्यांच्या घरी आईबाप एकमेकांशी मुलांमार्फत बोलतात ती मुले वर्गात ओळखू येतात. "बाबांना सांग, जेवण वाढलंय," हे वाक्य त्यांनी लहानपणीच पाठ केलेले असते.

समुपदेशक करतो ते वरवर पाहता अगदी साधे. दोघांना आधी वेगवेगळे ऐकायचे, मग एकत्र. एकाने बोललेले दुसऱ्याने आधी आपल्या शब्दांत परत सांगायचे, मगच उत्तर द्यायचे. 'तू नेहमी' आणि 'तू कधीच' ही दोन तोंडे बंद करायची. "तुम्हाला घराची पर्वाच नाही" याऐवजी "काल तुम्ही न सांगता उशिरा आलात, मी घाबरले" असे म्हणायचे. घरी करून पाहा. दुसरे वाक्य किती जड जाते ते कळेल. मात्र जिथे मारहाण आहे तिथे हे औषध चालत नाही. तिथे बाईला समजावून परत धाडणे म्हणजे समुपदेशन नव्हे. त्यासाठी २००५ चा कायदा आहे.

एक नाव राहिले. अण्णांचे थोरले चिरंजीव र. धों. कर्वे, जन्म मुरुडचाच, १८८२ चा. बोलायची चोरी असलेल्या विषयांवर त्यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. नवराबायकोंना एकमेकांना विचारता येत नसे, ते लोक त्यांना विचारीत, आणि ते छापून उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची वकिली केली. तरी खटला हरले. त्या प्रश्नोत्तरांकडे आमच्या समीक्षेने वाङ्मय म्हणून कधी पाहिले नाही. मला तर त्यातल्या एकेका प्रश्नात एकेक कादंबरी दिसते.

आणि आमच्या चाकरमान्यांच्या घरांवरची कादंबरी? नवरा मुंबईला गिरणीत, बायको गावी. पत्र लिहायचे ते शेजारच्या शाळकरी पोराकडून नाही तर मास्तरांकडून. तिसऱ्याच्या हातून लिहिलेल्या पत्रात बायको काय सांगणार? गाय व्याली, कौले शाकारायची आहेत, पैसे पोचले. मनातले मायन्याखाली दबून जायचे. आता प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, मधला मास्तर गेला आहे, आणि तरी रात्री साडेनऊला होणाऱ्या त्या संभाषणात पुन्हा तेच: पैसे पोचले, कौले शाकारली. हे संभाषण जसेच्या तसे कागदावर उतरवणारा आणि त्याखाली राहून गेलेले ऐकू आणणारा कादंबरीकार मी अजून वाचायची आहे.