भिंत कुणाची, जीर्णोद्धार कुणाचा? लंडनच्या लेटन हाऊसविषयी

घराचं संग्रहालय होतं म्हणजे नेमकं काय होतं, हा आजचा प्रश्न. उदाहरण एकच घेणार आहोत, लंडनच्या केन्सिंग्टन भागातलं लेटन हाऊस. पण सुरुवात घरापासून न करता एका पत्रापासून करू.

साल १८७१. रिचर्ड बर्टन तेव्हा दमास्कसमध्ये ब्रिटिश कॉन्सल होता. हा तोच बर्टन, जो तरुणपणी कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत होता आणि इतर भाषांबरोबर मराठीचीही परीक्षा उत्तीर्ण झाला होता. लंडनमधल्या आपल्या चित्रकार मित्राला, फ्रेडरिक लेटनला, तो पत्र लिहितो. त्याचा आशय असा, की तुझ्यासाठी एखादं घर पाडून घ्यायची माझी तयारी अजूनही आहे, पण टाइल्स असलेलं घरच सापडत नाही. शिवाय जुन्या वस्तू विकणाऱ्यांना आता त्यांची किंमत कळली आहे.

पत्राचा सूर थट्टेचा आहे, हे मान्य. पण माणूस कशाची थट्टा करतो, यावरून त्याला काय सहज वाटतं ते कळतं. घर पाडणं ही अडचण नव्हती. अडचण होती ती योग्य घर न मिळण्याची. हे पत्र लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता घराकडे वळू. लेटनचा जन्म १८३० चा. १८६४ मध्ये त्याने हॉलंड पार्क रोडवर जागा घेतली आणि जॉर्ज एचिसन या वास्तुविशारदाकडून घर बांधून घेतलं. बाहेरून पाहाल तर लाल विटांचं, साधंसं घर. पुढची तीस वर्षं लेटन आणि एचिसन या घरात भर घालत राहिले. दरम्यान लेटन १८७८ मध्ये रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष झाला. गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या घरात त्याच्यासाठी झोपायची खोली एकच, आणि तीही साधी. पाहुण्याने रात्री मुक्काम करावा, अशी सोयच नाही. वरच्या मजल्यावर प्रचंड चित्रशाळा, उत्तरेच्या उजेडासाठी भलीमोठी खिडकी, आणि चित्रासाठी बसणाऱ्या मॉडेल्सना ये-जा करायला वेगळा जिना. घर म्हणा, कार्यशाळा म्हणा किंवा प्रतिष्ठेचं प्रदर्शन म्हणा, तिन्ही खरं आहे.

आणि मग अरब हॉल. १८७७ मध्ये त्याचं काम सुरू झालं. नमुना होता सिसिलीतल्या पालेर्मो शहरातल्या ला झिसा या बाराव्या शतकातल्या नॉर्मन राजवाड्याचा. वर सोनेरी घुमट, रंगीत काचांच्या खिडक्या, लाकडी जाळ्या, मध्यभागी काळ्या संगमरवराचं कुंड आणि त्यात कारंजं. भिंतींवर निळ्या, हिरव्या, फिरोजी टाइल्स. त्यातल्या बहुतेक दमास्कसच्या, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या. त्यांच्या वर वॉल्टर क्रेनने रेखाटलेली सोनेरी मोझेकची पट्टी. दाराच्या वरच्या टाइल्सवर कुराणातल्या 'अर-रहमान' या सूरेच्या सुरुवातीच्या आयती आहेत. ज्या अक्षरांसमोर कुणीतरी श्रद्धेने थांबत असेल, ती इथे पाहुण्यांच्या स्वागताला आहेत.

या टाइल्स आल्या कशा? काही लेटनने प्रवासात स्वतः गोळा केल्या. १८७३ मध्ये तो दमास्कसला गेला होता. काही कॅस्पर पर्डन क्लार्कने तिकडून विकत आणल्या, काही बर्टनने पाठवल्या. १८७६ मधल्या एका पत्रात बर्टन कळवतो की सिंधू नदीकाठच्या सक्खरमधल्या एका मुसलमानी कबरीवरून काढलेल्या टाइल्स पाठवतो आहे. बऱ्याच फुटल्या आहेत, पण थोड्या घासूनपुसून घेतल्या की मोझेकच्या कामी येतील. आता बघा, सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे आपल्याच इलाख्यातल्या कुणाच्या तरी कबरीचे तुकडे या चित्रकारासाठी लंडनला रवाना झाले होते. हे प्रकरण आपल्यापासून वाटतं तेवढं लांबचं नाही.

टाइल्स फुटक्या-तुटक्या आल्या, संच अपुरे होते. ते बसवायचं आणि जिथे कमी पडेल तिथे नवीन टाइल बनवून भरायचं काम विल्यम डी मॉर्गनने केलं. त्याची भर इतकी बेमालूम आहे की सोळाव्या शतकातली टाइल कुठे संपते आणि एकोणिसाव्या शतकातली कुठे सुरू होते, हे साध्या नजरेला कळत नाही. आमचा पहिला मुद्दा इथे येतो. या घराचा जीर्णोद्धार एकविसाव्या शतकात सुरू झाला, असं समजू नका. अरब हॉल हाच मुळात एक जीर्णोद्धार आहे, फक्त दुसऱ्याच्या भिंतीचा, आपल्या घरात केलेला.

जानेवारी १८९६ मध्ये लेटन वारला. त्याच वर्षी ख्रिस्तीजने त्याच्या संग्रहाचा लिलाव केला. चित्रं, गालिचे, भांडी, फर्निचर असं सगळं पांगलं. जे भिंतीत पक्कं बसवलेलं होतं, तेवढं राहिलं. हा विरोधाभास डोक्यात ठेवा. दमास्कसहून उखडून आणलेल्या टाइल्स टिकल्या, कारण त्या पुन्हा भिंतीत चिणल्या होत्या. मालकाने हौसेने जमवलेलं बाकी सगळं मात्र गेलं.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. घर लोकांसाठी खुलं झालं, नंतर केन्सिंग्टनच्या नगरपालिकेकडे आलं. १९२९ मध्ये हॅल्सी रिकार्डोने आखलेलं पेरिन दालन शेजारी उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याची झळ बसली. खोल्या प्रदर्शनासाठी वापरात आल्या आणि घरपण हळूहळू पुसट झालं.

मग २००८ ते २०१० मध्ये मोठं काम झालं, खर्च सुमारे सोळा लाख पौंड. उद्देश असा, की लेटन असताना घर जसं दिसत होतं तसं ते परत दिसावं. पुरावे काय? १८९५ मधली बेडफर्ड लेमीअर कंपनीची छायाचित्रं, लिलावाची यादी, भिंतींवरच्या रंगाच्या थरांची तपासणी. छायाचित्रं कृष्णधवल, त्यामुळे रंग थरांतून शोधायचे, वस्तू यादीतून ओळखायच्या. घुमटाला पुन्हा सोन्याचा वर्ख चढवला. बैठकीच्या खोलीत पूर्वी कोरोची चार चित्रं होती. ती मूळ चित्रं आता लंडनच्याच नॅशनल गॅलरीत आहेत, म्हणून घरात त्यांच्या प्रतिकृती लावल्या.

हे काम उत्तम आहे, यात शंका नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत लादी, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या मानाने इथला संयम शिकण्यासारखा आहे. पण दोन शंका उरतात.

पहिली शंका तारखेची. तीस वर्षं सतत बदलणाऱ्या घराचा एकच क्षण गोठवायचा, तर कुठला? निवडला गेला शेवटचा, कारण फोटो त्या क्षणाचे आहेत. म्हणजे कॅमेरा जिथे उभा राहिला, तिथेच इतिहास थांबला. कॅमेरा ज्यांच्याकडे वळला नाही, त्या घरातल्या नोकरांचं आणि वेगळ्या जिन्याने येणाऱ्या मॉडेल्सचं घर या पद्धतीने परत येत नाही.

तुलनेसाठी जवळच, चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं सॅम्बोर्न हाऊस घ्या. लिनली सॅम्बोर्न हा 'पंच' साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. ('पंच'चा प्रभाव एवढा, की ठाण्याहून 'हिंदू पंच' नावाचं मराठी पत्र निघालं.) त्याचं घर वारसांनी जवळपास होतं तसंच ठेवलं, आणि १९८० मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे दाटीवाटी आहे, पण वस्तू त्याच घरातल्या आहेत. लेटन हाऊस अधिक देखणं आहे, पण तिथला बराचसा मोकळा देखणेपणा लिलावाने रिकाम्या केलेल्या जागा भरून तयार झाला आहे. कुठलं घर जास्त खरं, असं आम्ही विचारणार नाही. तिथे गेल्यावर आपण वस्तू पाहतोय की वस्तूची आठवण, एवढा फरक कळला तरी पुरे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे, आणि ती अरब हॉलची. २०२२ मध्ये सुमारे ऐंशी लाख पौंडांचं आणखी एक काम पूर्ण झालं. नव्या गोल जिन्याच्या भिंतीवर शहरजाद गफारी या इराणी वंशाच्या चित्रकर्तीने अकरा मीटर उंच चित्र रंगवलं. काही फर्निचर जॉर्डनमधल्या अम्मान शहरातल्या कारागिरांनी घडवलं, त्यात सीरियातून विस्थापित झालेलेही होते. कुणी म्हणेल, ही प्रायश्चित्ताची सजावट आहे. आम्हाला तसं वाटत नाही. डी मॉर्गनने आपली भर लपवली. २०१० च्या कामाने जुन्यासारखी भर घातली. २०२२ ची भर मात्र उघडपणे नवी आहे आणि सांगते की मी आजची आहे, मला अमुक माणसांनी केलं. पूर्वी तिकडून फक्त माल आला होता. या वेळी ज्यांचं काम आलं, ते कुणाचं हे सांगितलं गेलं. हा फरक छोटा नाही.

तरीही भिंत ज्यांची होती त्यांचा हिशेब याने मिटत नाही. लेटनच्या खोलीला कुठला रंग होता हे शोधायला रंगाचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. तेवढीच चिकाटी, कुठली टाइल कुठल्या घरातून, कुठल्या कबरीवरून आली, हे शोधायला लागली पाहिजे. टाइल्स काढून परत पाठवा, असं आमचं म्हणणं नाही. त्यांतल्या अनेकांना परत जायला भिंतच उरली नसेल. पण टाइलचं मूळ ठिकाण हाही या घराच्या इतिहासाचाच भाग आहे, रंगाइतकाच. जिथे ते कळतं तिथे सांगावं, आणि जिथे कळत नाही तिथे ते कळत नसल्याचंही त्याच भिंतीशेजारी लिहावं.

म्हणून शेवटी पुन्हा बर्टनचं पत्र. आमच्या मते या घरातला सगळ्यात मोलाचा कागद लिलावाची यादी नव्हे, हे पत्र आहे. यादी सांगते घरातून काय गेलं. पत्र सांगते घरात काय आलं, आणि ते येण्यासाठी काय पाडायची तयारी होती. पुढच्या वेळी कुठलंही सुंदर, नीट दुरुस्त केलेलं जुनं घर पाहाल, मग ते लंडनचं असो की आपल्याकडचं, तेव्हा मार्गदर्शकाला एक प्रश्न जरूर विचारा : हे घर उभं राहताना कुठलं घर पडलं?