‘सामाईक’ की ‘पाळीचे’? : यूएसबी/आयपी योजनेचे परीक्षण

एका संगणकाला जोडलेले उपकरण जाळ्यावरील दुसऱ्या संगणकास वापरता यावे, या हेतूने जपानमधील नारा येथील विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत ताकाहिरो हिरोफुची व त्यांचे सहकारी यांनी ‘यूएसबी/आयपी’ ही योजना सिद्ध केली आणि २००५ साली यूसनिक्स परिषदेत ती निबंधरूपाने मांडली. पुढे लिनक्सच्या गाभ्यात तिला स्थान मिळाले व २०१४ साली ३.१७ या आवृत्तीत ती प्रायोगिक विभागातून बाहेर आली. निबंधाच्या शीर्षकातच उपकरणांच्या सामाईक वापराचा निर्देश आहे. हा शब्द योजनेस कितपत लागू पडतो, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण ज्या विभागात परवान्याची डोंगल एकच असते, तेथे अशा शब्दावर विसंबूनच कामाची आखणी होते.

योजनेचे बलस्थान तिच्या साधेपणात आहे. उपकरणाला उद्देशून निघणारी प्रत्येक मागणी जशीच्या तशी जाळ्यावरून पाठविली जाते. घेणाऱ्या संगणकात एक आभासी नियंत्रक उभा राहतो आणि त्या संगणकास उपकरण स्वतःलाच जोडलेले भासते. त्यामुळे त्याचा नेहमीचा ड्रायव्हर चालतो व उपकरणाचा कोणताही गुण हरवत नाही.

तथापि या बलातूनच मर्यादा उद्भवते. फाइल-सर्व्हरला फाइल कळते, मुद्रणाच्या रांगेला एकेक काम कळते. म्हणून त्यांना अनेकांत न्याय करता येतो. यूएसबी/आयपी हा निरोप्या आहे. निरोपाचा अर्थ त्यास कळत नाही. दोन संगणकांनी एकाच पेनड्राइव्हवर आपापल्या समजुतीने लिहिले, तर त्यावरील मांडणी उद्ध्वस्त होईल. म्हणून उपकरण एका वेळी एकाच्याच हाती जाते. ते ज्या संगणकास प्रत्यक्ष जोडलेले असते, त्यासही तोवर वापरता येत नाही.

मराठीत ‘सामाईक विहीर’ म्हणताना मालकी अनेकांची असते, पण पाणी पाळीनेच घेतले जाते. आणि पाळी ठरविणारा करार त्या शब्दात गृहीत असतो. येथे नेमका तो करारच नाही. उपकरणांची यादी मागणे व त्यांतील एक मागून घेणे, एवढ्याच बोलीची सोय आहे. रांग नाही, मुदत नाही. एकाने उपकरण सोडण्यास विसरावे आणि इतरांनी तिष्ठत बसावे, यावर योजनेत उपाय नाही.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत आणखी एक विसंगती दिसते. मायक्रोफोनसारख्या उपकरणांसाठी यूएसबीत जे समकालिक प्रेषण योजिले आहे, त्यात चुकलेला अंश पुन्हा पाठविला जात नाही. वेळ मात्र पाळली जाते. टीसीपीचा धर्म याच्या उलट : उशीर चालेल, लोप चालणार नाही. दूरच्या वा गजबजलेल्या जाळ्यावर या दोहोंचा मेळ बसणे कठीण. शिवाय मजकूर गुप्त ठेवण्याची तरतूद या बोलीत मुळात नसल्याने सुरक्षित बोगद्यावाचून तिचा वापर उचित नव्हे.

सारांश, यूएसबी/आयपीने उपकरणाचे स्थलबंधन तोडले, हे तिचे निःसंशय कार्य होय. परंतु वापर सामाईक होतो तो दोरी लांब झाल्याने नव्हे, तर पाळी ठरल्याने. ती ठरविण्याचे काम योजनेने संस्थेवर सोडलेले आहे. संस्थेने ते न केल्यास जो आधी पोहोचेल त्याचीच मालकी, हाच नियम प्रत्यक्षात उरतो.